तांदळाच्या डब्यातली बाटली

दुपारी दोनला गाडी सुटायची.

गाडी म्हणजे संत्र्याचे दोन प्लास्टिकचे कॅरेट, सुतळीने एकामागे एक बांधलेले. पुढच्यात वंश, मागच्यात विधी. दोघं जुळे, सव्वादोन वर्षांचे. इंजिन म्हणजे त्यांची आई वृषाली. ओसरी म्हणजे काटोल, मधली खोली नरखेड, स्वयंपाकघर पांढुर्णा, मोरीचा उंबरा तिगाव आणि मागचं अंगण मुलताई. मुलताईला कंपाउंडची भिंत होती, तिथून गाडी उलटी फिरायची. भिंतीपलीकडे दोन गल्ल्या सोडून खरे रूळ होते. त्यावरून खरी गाडी इटारसीकडे निघून जायची. तिचा भोंगा आला की वंश हात वर करायचा आणि म्हणायचा, "पलत."

परत म्हणजे परत. काटोलपासून.

वृषाली सौसरची, बी.ए. झालेली. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन पांढुर्ण्यात आली तेव्हा कॉलनीतल्या बायका म्हणाल्या होत्या, शिकलेली हाये, घर चालवंन. घर ती चालवतच होती, कमरेला सुतळी बांधून. नवरा मयूर बोरगावच्या एका फॅक्टरीत सुपरवायझर. सकाळी सातला कंपनीच्या बसमध्ये बसला की अंधार पडल्यावर उतरायचा. जेवताना विचारायचा, "काय केलं आज दिवसभर?" हा प्रश्न त्याने कधी वाईट मनाने विचारला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला पाहिजे. पण ज्याला दिवसभर शब्दाचा अर्थ माहीत नाही त्याने तो शब्द वापरू नये, हेही सांगायला पाहिजे.

कारण वृषालीने सगळं करून पाहिलं होतं. कपडे वाळवायच्या चिमट्यांची माळ. ती चाळीस मिनिटं चालली, एकदाच. परातीत तूर आणि तांदूळ मिसळून वेगळे करायला दिले. वंशने तूर नाकात घातली, आणि शेजारच्या डिंपलने ती केसांच्या पिनेने काढली. कणकेचा गोळा दिला, विधीने खाल्ला. झाकणं वाजवायला दिली तर कलाबाईचं, म्हणजे सासूचं, डोकं उठलं. मोबाईल दिला. मोबाईल सगळ्यात भारी, पण काढून घेतला की वंश चावायचा. मोबाईलमध्येच मग ती बायांचे व्हिडिओ पाहायची, लेकरांना घरी कसं रमवावं, वीस उपाय. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत लाकडी खेळणी मांडून हसत बसलेल्या बाया. त्यांच्या खोलीत कुकरची शिटी वाजत नव्हती, आणि मागून कोणी "दुधाचं पातेलं उतू चाल्लं वं" असं ओरडत नव्हतं.

अंगणवाडी होती, गल्लीच्या तोंडाशीच. पण ती तीन वर्षांच्या पुढच्यांना. तीनच्या आतल्या लेकरांसाठी सरकार मंगळवारी पोषण आहाराचं पाकीट देते. पाकीट चांगलं असते, गोड असते. पण पाकीट लेकरू सांभाळत नाही.

आधी आधी वृषाली मोरीत नळ सोडून रडायची. मग रडणं बंद झालं. कलाबाईला वाटलं, सून रुळली. एकदा गॅसवर दूध वर यायला लागलं आणि वृषाली समोर उभी राहून ते पाहत राहिली. वर आलं, सांडलं, बर्नर विझला. एकदा खांदा दुखतो म्हणून संध्याकाळी आरशात पाहिलं तर दातांचे दोन अर्धगोल होते. दोघांपैकी कोण चावलं, कधी चावलं, तिला आठवेना. तिच्या आतला कोणी माणूस उठून दुसऱ्या खोलीत गेला होता आणि जाताना दिवा बंद करून गेला होता.

कलाबाईचा एक किस्सा होता. ती रामाकोन्याची, गुडघे गेलेले, दिवसभर ओसरीच्या खाटेवर. कोणी आलं की सांगायची, "आमच्या वक्ती कोणाले फुरसत होती लेकराइले खेळवाची? मोहरीएवढी अफीम बोटाले लावून चाटवली, झाडाखाली झोळीत टाकलं, का दिवसभर कापूस वेचा. हा मयूर असाच वाढला. पहा, अजूनबी झोपेचा पक्का हाये." आणि खो खो हसायची.

वृषालीने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. अफीम! लेकराला! तिने मयूरला म्हटलं होतं, "तुमची आई बरी सुटली पोलिसाइच्या हातून." शिकलेपणाचा तिला अभिमान होता, आणि तो असावाच. फक्त शिकलेपण दुपारी दोन ते पाच काही कामाला येत नाही, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

जुलैत दोघांना सर्दी झाली. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, पाच दिवसांचं. पहिल्या दुपारी अर्धं अर्धं झाकण पाजलं आणि दोघं तीन तास झोपले. वृषालीने चहा केला. प्याली हातात घेतली तेव्हा चहा गरम होता, संपला तेव्हाही गरम होता. घरात कोणीच तिला हाक मारत नव्हतं. ती खुर्चीवर बसून राहिली, भिंतीकडे पाहत, आणि पाच वाजले.

पाच दिवसांत सर्दी गेली. बाटलीत औषध उरलं होतं.

"दे ना थोडंथोडं," डिंपल कुंपणावरून म्हणाली. "मी नाही का माह्या रोशनले देत होती. सर्दीचंच तं औषध हाये, जहर थोडी हाये."

आधी ती फक्त ज्या दिवशी फारच अंगावर आलं त्या दिवशी द्यायची. मग तसे दिवस वाढत गेले. बाटली संपली. दुसरी तिने चौकातल्या मेडिकलमधून आणली, चिठ्ठीशिवाय. दुकानदार म्हणाला, "ते नाही, दुसऱ्या कंपनीचं हाये, सेमच समजा." तिने तसं समजून घेतलं. अफीम म्हणजे अडाणीपणा आणि ही बाटली म्हणजे दवाई, हेही तिने समजून घेतलं होतं. लेबल लागलं की कोणत्याही गोष्टीची लाज जाते.

तरी थोडी उरली असावी. कारण दुसरी बाटली घरी आणल्याबरोबर वृषालीने ती गरम पाण्यात बुडवली, लेबल भिजवलं आणि सुरीने खरडून काढलं. मयूरच्या हाती लागली तर त्याने नाव वाचून विचारू नये, म्हणून. खरडलं तेही नीट, गोंदाचा कणसुद्धा ठेवला नाही. मग बाटली तांदळाच्या डब्यात खोल खुपसली.

ऑक्टोबर आला. मयूर एका रविवारी पोट भरून झोपलेल्या पोरांकडे पाहून म्हणाला, "आजकाल लय शहाणे झाले बाप्पा हे. दुपारी त्रासच नाही देत." वृषालीने मान हलवली.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी दहाला मोहल्ल्याच्या बायकांच्या ग्रुपवर बातमी आली. मग तीच बातमी वीस जणींनी टाकली. खोकल्याच्या एका औषधात विष निघालं, आपल्याच भागातली लहान लेकरं दगावली. बाटलीचा फोटो होता. खाली कोणीतरी लिहिलं होतं, आधी लघवी बंद होते.

वृषालीने डब्यात हात घातला. बाटली काढली. फोटोतल्या बाटलीसारखीच तपकिरी, तेवढीच उंच. पण तपकिरी आणि तेवढ्या उंचीच्या तर सगळ्याच असतात. तिने बाटली फिरवून पाहिली. चारी बाजूंनी स्वच्छ. स्वतःच्या हाताने स्वच्छ केलेली.

तिने मेडिकलवाल्याला फोन लावला. "मॅडम, कोणती बाटली? बिल हाये का? बिल नसंन तं माह्या दुकानातली नाही." फोन कटला. तिने डिंपलला विचारलं. डिंपल कुंपणापाशी आलीच नाही, दारातूनच म्हणाली, "मी कुठं सांगतलं होतं तुले? माह्यावर नोको टाकू बाई." आणि रोशनला आत ओढून दार लावून घेतलं.

वृषालीला वाटलं, आता आपल्याला घाबरायला पाहिजे. ती थांबून वाट पाहत राहिली, पण भीती काही येईना. हातपाय मात्र आपोआप चालत होते. ती आत गेली आणि पोरांच्या अंथरुणावर तळहात फिरवला. विधीची बाजू ओलसर. वंशची कोरडी.

कोरडी. पंधरा दिवसांपासून कोरडीच होती. तिनेच मयूरला कौतुकाने सांगितलं होतं, वंश शिकला, रात्रभर सू करत नाही. कलाबाईने त्याच्यावरून मीठमिरची ओवाळून टाकली होती.

काल दुपारी दोनला औषध दिलं होतं. सकाळपासून वंशने केली का? एरवी दिवसातून आठ वेळा पोछा मारताना ती दोघांच्या नावाने बोटं मोडायची. आज नेमकं काही आठवेना.

मग त्या घरात असा खेळ झाला जो आधी कधीच झाला नव्हता. वृषालीने अंगणात पाण्याची मोठी बादली ठेवली. पेले दिले, गाळणी दिली, पिचकारी दिली. ज्याला ज्याला ती रोज नाही म्हणायची ते सगळं दिलं. एक पेला बादलीत, एक पेला तोंडात. "गाडीच्या इंजिनमध्ये पाणी भरा," ती म्हणाली. "अजून भरा. इंजिन तहानलं."

"सर्दी होईन वं त्याइले!" कलाबाई खाटेवरून ओरडली. "येडी झाली का?"

"होऊ द्या."

मग कॅरेट. काटोल, नरखेड, पांढुर्णा. तिगावजवळ विधी म्हणाली, "आई, शू," आणि कॅरेटच्या जाळीतून धार फरशीवर आली. वृषाली उभी राहिली. फरशीवरचं पाणी मोरीकडे सरकत गेलं. तिने ते पुसलं नाही. पोछा पायाजवळ होता, तरी नाही.

"वंश, तुले?"

"नाई."

"थोडी?"

"पलत," वंश म्हणाला. परत गाडी. अकरा वाजले, बारा वाजले. तो चार पेले पाणी प्यायला होता. ती मोजत होती. सुतळीने कमरेला लाल वळ उठला. वंश मुलताईपर्यंत गेला आणि आला, गेला आणि आला, आणि कॅरेट कोरडंच.

बारा वाजून गेल्यावर देवकाबाई आली. आशा कार्यकर्ती, पन्नाशीची, खांद्याला पिशवी आणि हातात कागद. वरून हुकूम आला होता, घरोघरी जाऊन बाटल्या जमा करा. पिशवीतून काचेचा आवाज येत होता.

"खोकल्याची, सर्दीची, कोणतीबी असंन ते द्या," ती ओसरीवर टेकत म्हणाली. "आन पाजली असंन तं सांगा. लपवाचं नाही."

वृषालीने आतून बाटली आणली. तांदळाचे दोन दाणे चिकटले होते. देवकाबाईने बाटली उजेडात धरली.

"लेबल कुठी गेलं?"

"मी काढलं."

"काहून?"

वृषाली कमरेची सुतळी सोडायला लागली. देवकाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग कॅरेटमध्ये बसलेल्या पोरांकडे. पंधरा-वीस वर्षं लोकांच्या घरात शिरणाऱ्या बाईला एवढं पाहणं पुरते. तिने पेनाचं टोपण काढलं आणि आवाज जरा मऊ केला. "लेकराइनं काढलं असंन. लेकरं काढतातच. बरं, खोकला किती दिवसापासून? तीन लिहू?"

उत्तर तयार होतं, फक्त हो म्हणायचं होतं. तीन दिवस. कागद भरला असता, देवकाबाई पुढच्या घरी गेली असती, मयूरला काही कळलं नसतं, आणि वृषाली शिकलेली, रुळलेली सून राहिली असती. पण मग डॉक्टरने तीन दिवसांचं औषध समजूनच वंशला पाहिलं असतं.

"खोकला नव्हता," वृषाली म्हणाली.

"मंग?"

"झोपवायले देत होती. जुलैपासून. दुपारी, अर्धं अर्धं झाकण. रोज नाही, पण आता आता रोज." किराण्याची यादी वाचावी तसा तिचा आवाज होता, आणि तो तिने स्वतः ऐकला. "विधीनं आत्ता सू केली. वंशनं सकाळपासून नाही केली."

पेन कागदावर थांबलं. "असा रकाना नाही वं ह्याच्यात," देवकाबाई हळूच म्हणाली.

"मंग बाजूले लिहा."

खाट करकरली. "मले माहीत होतं," कलाबाई म्हणाली.

वृषाली वळली.

"तांदूळ मीच निसतो ना. श्रावणात हाताले लागली होती."

"मंग बोलल्या काहून नाही, आई?"

कलाबाईने गुडघ्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. "मलेबी दुपारची झोप लागत होती," ती म्हणाली.

"ते भांडण मंग करा तुम्ही," देवकाबाई उठली. "पोराले उचल. दोघाइलेबी. चाल."

सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या आयाच. प्रत्येकीच्या कडेवर एक आणि हातातल्या पिशवीत एक बाटली. टेबलावरचा पोरगेला डॉक्टर एकच विचारत होता, खोकला कधीपासून. सगळ्या सांगत होत्या, लय होता साहेब, छाती भरली होती. वृषालीची पाळी आली तेव्हा तिने देवकाबाईला सांगितलं तेच सांगितलं, त्याच आवाजात. डॉक्टरने मान वर केली. पुढची बाई वळून पाहत राहिली, जशी आपण गटारीत पडलेल्या माणसाकडे पाहतो. पाहू दे. मागे उभी असलेली मात्र पाहत नव्हती. तिच्या खांद्यावर वर्षभराचं पोर झोपलेलं होतं. आत्तापर्यंत ती सगळ्यांना खोकला-खोकला सांगत होती. तिने वृषालीच्या कानाजवळ तोंड आणून विचारलं, "ताई, दोन झाकणं म्हणजे जास्त होते का वं?"

"सांग त्याइले," वृषाली म्हणाली.

रक्त घेतलं. दोघं किंचाळले. मग नर्सने प्लास्टिकचे दोन कप दिले. विधीचा लगेच भरला. वंशचा कप हातात धरून वृषाली बाकावर बसली. विधीला देवकाबाईने कडेवर घेऊन बाहेर नेलं. समोर घड्याळ होतं. वंश कंटाळला, रडायला लागला, बाकावरून घसरायला लागला. तिथे बादली नव्हती, कॅरेट नव्हतं, मोबाईलची बॅटरी गेली होती. तिने त्याला मांडीवर घेतलं आणि गुडघे हलवायला लागली. "गाडी सुटली," ती त्याच्या कानात म्हणाली. "काटोल आलं. नरखेड. पांढुर्णा, चाय गरम. तिगाव. आता घाट, आता हळू..." घाटात तिने गुडघे हळू केले. "मुलताई."

"पलत."

परत. चार वेळा परत. पाचव्या वेळी घाटात तिला मांडीवर ऊब लागली. आधी वाटलं कोणाचा चहा सांडला. मग ऊब पसरत गेली, कुर्त्यातून सलवारीत, सलवारीतून चपलेत, चपलेतून फरशीवर.

"अवो बाई!" झाडू घेतलेली सफाईवाली लांबून ओरडली. "कप दिला ना हातात! आत्ताच पुसलं मी हे!"

वृषाली हलली नाही. हातातला कप कोरडा ठणठणीत होता.

नर्स आली. "आता कपात मी काय भरू, तुमचा कुर्ता पिळू?" ती म्हणाली. मग वृषालीचं तोंड पाहून नवा कप ठेवून गेली.

संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आले. दोघांच्या किडन्या ठीक. तीन दिवस लक्ष ठेवा, पाणी पाजा, पुन्हा तपासणीला या. बाटली भोपाळला पाठवतो म्हणाले. तिच्यात काय होतं ते पुढेही कोणी कळवलं नाही. दोनदा विचारायला गेली, दोनदा सांगितलं, अजून आलं नाही. देवकाबाईने कागदाच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. तो कागद कोणत्या फाइलीत गेला, देव जाणे.

मयूर त्या दिवशी फोनवर सगळं कळून कोणाच्या तरी मोटरसायकलवर लवकर आला. हेल्मेट न काढताच बोलला. "तू पाजत होती? रोज? अन् मले माहीतच नाही? तू आई हाये का कोण हाये?"

वृषाली अजून त्याच कुर्त्यात होती. "रविवारी तुम्ही म्हणाले होते, पोट्टे शहाणे झाले," ती म्हणाली. "ते शहाणपण बाटलीतलं होतं."

तो आईकडे वळला. कलाबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. ती झोपलेली नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी दोनला वृषालीने सुतळी मयूरच्या हातात दिली. "पाच वाजेपर्यंत," ती म्हणाली. मग मागच्या अंगणात जाऊन पायरीवर बसली. झोपायचं ठरवलं होतं, पण झोप येत नव्हती. खूप दिवसांनी कोणाला रिकामा वेळ मिळाला की तो कुठे ठेवावा ते कळत नाही. भिंतीपलीकडून खरी गाडी गेली. तिने मान वळवली नाही.

आत कलाबाई खाटेवरून स्टेशनं सांगत होती आणि चुकत होती. "काटोलनंतर मुलताई."

"नाई!" दोन आवाज.

"मंग नरखेड. मले काय, मी कधी बसली नाही त्या गाडीत."

वीस मिनिटं झाली. मयूरचा दम लागलेला आवाज आला. "आई, हे संपते कधी?"

"तिले विचार."

कोणी विचारायला आलं नाही. अजून दहा मिनिटं गेली. मग तो ओरडला, "वृषाली! अवो, इथं ओलं केलं ना याइनं! सारं स्वयंपाकघर!"

"कोणी केलं?" तिने बसल्या जागेवरून विचारलं.

"विधीनं."

"आन वंशनं?"

आत कॅरेट सरकल्याचा आवाज आला. पाहत असावा. "त्यानंबी."

"पोछा मोरीत हाये," वृषाली म्हणाली, आणि पायरीवरच बसून राहिली.